'टर्न ऑफ' पुन्हा पुन्हा का चुकतं? आधी 'बंद'ची गाठ सोडवू या

चाकणच्या एका कारखान्यात काम करणारा एक ऑपरेटर माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येतो. आयटीआय झालेला, मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा पोरगा. एकदा तो लॉगबुकाच्या पानाचा फोटो मोबाईलवर घेऊन आला. रात्रपाळीच्या सुपरवायझरनं लिहिलं होतं : 'अलार्म वेंट ऑफ ॲट टू टेन.' सकाळी पाळीवर आल्यावर यानं ते वाचलं आणि अर्थ लावला की अलार्म दोन दहाला बंद झाला. बंद झाला म्हणजे सगळं ठीक. त्यानं खाली 'ओके' लिहून सही केली आणि कॉम्प्रेसर सुरू केला. त्या वाक्याचा खरा अर्थ होता, दोन दहाला अलार्म वाजला. नुकसान काही झालं नाही, पण पोरगा चांगलाच हादरला होता. "मॅडम, ऑफ म्हणजे बंद ना? मग अलार्म वाजला कसा?"

त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याला 'ऑन म्हणजे चालू, ऑफ म्हणजे बंद' असं पाठ करून दिलेलं असतं, आणि ते स्विचच्या पाटीवर खरंही असतं. वाक्यात मात्र ते पुरत नाही. गेली कित्येक वर्षं वर्गात या एका 'ऑफ'भोवती त्याच त्या चुका ऐकते आहे : 'ऑफ द फॅन', 'क्लोज द लाइट', 'टर्न ऑफ इट', 'आय टर्न ऑफ्ड द गॅस'. या चार चुका दिसायला सारख्या वाटतात, पण प्रत्येकीचं मूळ वेगळं आहे. म्हणून एकच नियम पाठ करून त्या जात नाहीत, आणि माणूस मात्र 'मला इंग्रजी जमतच नाही' असं ठरवून मोकळा होतो.

पहिली गाठ : आपला 'बंद' फार मोठा आहे

मराठीत आज काय काय बंद होतं बघा. दार बंद, नळ बंद, पंखा बंद, दुकान बंद, बँकेतलं खातं बंद, घाटातला रस्ता बंद, लिफ्ट बंद, मोबाईल बंद, दोन भावांचं बोलणं बंद. एका शब्दात सगळं भागतं. इंग्रजीत हे काम पाच-सहा शब्दांनी वाटून घेतलंय. 'बंद' म्हणजे 'क्लोज' एवढं एकच समीकरण डोक्यात असलं की 'क्लोज द फॅन' तोंडातून जाणारच, आणि त्याच्या उलट 'ओपन द लाइट'.

खरं तर मराठीतही हे काम पूर्वी वाटलेलंच होतं. माझी आजी 'दिवा बंद कर' असं कधी म्हणाली नाही. ती दिवा मालवायला सांगायची. चूल विझवायची, डोळे मिटायची, दार लावायची. बाजारपेठेतला दुकानदार दुकान 'वाढवायचा'. विजेची बटणं घरोघर आली आणि हळूहळू 'बंद कर'नं या सगळ्यांची जागा घेतली. म्हणून वर्गात मी सांगते, अडलात की आधी आजीचा शब्द आठवा. ती जिथे 'मालव' म्हणाली असती, तिथे बहुतेक वेळा 'टर्न ऑफ' येतं. 'विझव' असेल, म्हणजे आग, शेकोटी, विडी, तिथे 'पुट आउट'. मेणबत्तीवर फुंकर मारायची असेल तर 'ब्लो आउट'. 'मिट' आणि 'लाव' असेल, म्हणजे डोळे, पुस्तक, दार, तिथे 'क्लोज'. दुकान वाढवायचं तरी 'क्लोज'च.

ज्यांना आजीचे हे शब्द ऐकायला मिळाले नाहीत, त्यांच्यासाठी दुसरा प्रश्न. बंद करण्याआधी तिथून काही वाहत येत होतं का? पाणी, गॅस, वीज, आवाज, उजेड, मोबाईलचा डेटा? वाहत होतं आणि आपण ते थांबवलं, तर 'टर्न ऑफ'. आणि काही वाहत नव्हतं, नुसती फळी, झाकण, पान किंवा पापणी हलून उघडी जागा बुजली, तर 'क्लोज'. नळ 'टर्न ऑफ', नळाखालच्या बादलीचं झाकण 'क्लोज'. गॅस 'टर्न ऑफ', गॅसच्या ओट्याखालचं कपाट 'क्लोज'.

'टर्न' हा शब्द तिथे आला कुठून, हे कळलं की तो विसरत नाही. 'टर्न' म्हणजे फिरवणं, आणि इथला 'ऑफ' म्हणजे तुटलेला, सुटा, अलग. तोटी फिरवली की पाण्याची धार तुटते. गॅसच्या दिव्यांनाही चावी असायची. मुंबईच्या रस्त्यांवर असे दिवे 1865 साली लागले. पुढे वीज आली, फिरवायचं बटण जाऊन दाबायचं बटण आलं, तरी क्रियापद तेच राहिलं. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना आठवेल, आवाजाची खुंटी डावीकडे फिरवत नेली की आवाज बारीक होत होत शेवटी 'कट्' असा झटका बोटांना लागायचा आणि रेडिओ बंद. बोटांना लागलेला तो झटका म्हणजेच 'टर्न ऑफ'.

'स्विच ऑफ' म्हटलं तर चालतं का, असं हमखास विचारतात. बटण असलेल्या विजेच्या वस्तूला अगदी बेलाशक चालतं, आपल्याकडे तेच जास्त कानावर पडतं. पण नळाला बटण नसतं, म्हणून 'स्विच ऑफ द टॅप' म्हणत नाहीत. 'टर्न ऑफ' मात्र पंखा, नळ, गॅस, टीव्ही, सगळीकडे चालतं. नव्यानं बोलायला लागणाऱ्यानं एकच हत्यार धरायचं तर हे धरावं.

काही गोष्टी या चौकटीत बसत नाहीत, त्या सरळ लक्षात ठेवायच्या. मोबाईलमधलं ॲप आणि फाईल 'क्लोज' होतात. कॉम्प्युटर 'शट डाउन' करतात. फोनवरचं बोलणं संपवून फोन ठेवणं म्हणजे 'हँग अप'. त्याला 'टर्न ऑफ' म्हटलं तर अख्खा मोबाईलच बंद केला असा अर्थ होतो. आणि सोसायटीतली लिफ्ट 'बंद आहे' म्हणजे बहुधा बिघडलेली असते. तिच्यावर 'लिफ्ट क्लोज्ड' अशी चिठ्ठी चिकटवण्यापेक्षा 'आउट ऑफ ऑर्डर' किंवा साधं 'नॉट वर्किंग' लिहावं. मराठीत आपण 'बंद केला' आणि 'बंद पडला' यातला फरक एका क्षणात ओळखतो. इंग्रजीत पहिल्याला 'टर्न्ड ऑफ' आणि दुसऱ्याला 'ब्रोक डाउन'. हा 'केला-पडला'चा भेद तुमच्याकडे आधीपासून आहे, नुसता वापरायचा आहे.

'ऑफ द फॅन' : यातला 'कर' हरवलाय

ही चूक आळसातून येत नाही. आपण दिवसभर 'फॅन ऑफ कर' असं मराठीच बोलतो. त्यात काम करणारा शब्द 'कर' आहे, 'ऑफ' त्याला नुसता सांगतो की कसं कर. हेच वाक्य इंग्रजीत नेताना 'कर' गळून पडतो, उरतो 'ऑफ', आणि मग त्याच्याकडूनच क्रियापदाचं काम करून घ्यायची वेळ येते. उपाय एवढाच की 'कर'च्या जागी 'टर्न' ठेवा. 'फॅन ऑफ कर' : 'टर्न द फॅन ऑफ.' शब्दांचा क्रमही जवळजवळ मराठीसारखाच राहिला, बघा. नवशिक्यांना मी सुरुवातीला हाच क्रम देते, 'टर्न ऑफ द फॅन' मागाहून. दोन्ही बरोबर आहेत.

सगळ्यात हट्टी चूक : 'टर्न ऑफ इट'

यावर जरा थांबू या, कारण चांगलं इंग्रजी बोलणारेही इथे घसरतात.

'टर्न ऑफ द फॅन' बरोबर. 'टर्न द फॅन ऑफ' बरोबर. 'टर्न इट ऑफ' बरोबर. 'टर्न ऑफ इट' मात्र चूक. वस्तूचं नाव घेतलं तर ते मध्ये किंवा शेवटी, कुठेही बसतं. पण 'इट' किंवा 'देम' आलं की ते मध्येच बसलं पाहिजे.

चूक का होते? एक कारण वहीत आहे. डावीकडे 'टर्न ऑफ', उजवीकडे 'बंद करणे' असं लिहून आपण त्याचा एक जोडशब्द करून टाकतो आणि मग तो मधून फोडायला मन धजत नाही. दुसरं कारण मराठीच्या सवयीत आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. आपण म्हणतो, 'पंखा चालूच आहे, बंद कर.' 'त्याला बंद कर' असं म्हणत नाही. एकदा पंख्याचा विषय निघाला की पुन्हा त्याचा उल्लेख करायची मराठीला गरजच वाटत नाही. इंग्रजीला मात्र तिथे 'इट' लागतंच. म्हणून आपल्या तोंडून आधी 'टर्न ऑफ' बाहेर पडतं, मग आठवतं की 'इट' राहिलं, आणि ते शेवटी चिकटवलं जातं. चूक झाल्यावर आलेली ही आठवण असते, आणि जागा तीच चुकते.

इंग्रजी असा आग्रह का धरते, तेही ऐकण्यासारखं आहे. वाक्याच्या शेवटी इंग्रजी जोर देते, तिथे नवी माहिती ठेवते. 'इट' ही जुनी माहिती, दोघांनाही ठाऊक असलेली. तिच्यावर जोर पडूच शकत नाही. नवी गोष्ट आहे 'ऑफ'. म्हणून 'इट' मध्ये दबून जातं आणि 'ऑफ' ठसक्यात शेवटी येतो. बोलताना ते तीन शब्द वेगळे ऐकूही येत नाहीत, 'टर्निटॉफ' असा एकच शब्द कानावर पडतो. पाठ करायचा तर हाच आवाज पाठ करा. 'टर्निटॉफ, टर्निटॉन.' अर्थ लावत बसू नका, जीभ वळू द्या. पाढ्यांसारखं आहे हे. बे चोक आठ म्हणताना कुणी बेरीज करत नाही.

वस्तूचं नाव लांबलचक असेल तर ते मध्ये कोंबू नये. 'टर्न द फॅन ऑफ' छान, पण 'मागच्या खोलीतला, कुणीच वापरत नाही तो पंखा' एवढं सगळं 'टर्न' आणि 'ऑफ' यांच्यामध्ये घातलं तर ऐकणाऱ्याला 'ऑफ' येईपर्यंत ताटकळावं लागतं. तिथे 'टर्न ऑफ' आधी म्हणून टाकावं आणि पंख्याची हकिकत नंतर सांगावी.

याच साच्यात रोजची आणखी वाक्यं बसतात. स्वेटर घाल : 'पुट इट ऑन.' बूट काढ : 'टेक देम ऑफ.' पडलेली पेन्सिल उचल : 'पिक इट अप.' साचा एकदा जिभेवर बसला की प्रत्येक क्रियापदाची वेगळी मेहनत पडत नाही.

पण प्रत्येक 'ऑफ' असा फुटत नाही

'टर्निटॉफ' पक्कं झालं की पुढच्याच आठवड्यात उलटी चूक येते. एक बाई वर्गात म्हणाल्या, 'बस आली, आय गॉट इट ऑफ.' बसमधून उतरले, असं त्यांना म्हणायचं होतं. तिथे 'आय गॉट ऑफ द बस' किंवा 'आय गॉट ऑफ इट' हवं. इथला 'ऑफ' बसला चिकटलेला आहे, क्रियापदाला नाही. आपल्या 'बसवरून'मधला 'वरून' बसपासून जसा तोडता येत नाही, तसंच हे.

ओळखायचं कसं? काम झाल्यावर वस्तूकडे बोट दाखवून 'ती ऑफ आहे' असं म्हणता येतं का, ते बघा. पंखा बंद केला, आता 'द फॅन इज ऑफ'. म्हणता येतं, म्हणून 'इट' मध्ये जाईल. बसमधून उतरलात, आता 'द बस इज ऑफ' असं काही होत नाही. बस तशीच पुढे निघून गेली, 'ऑफ' झालात ते तुम्ही. म्हणून 'इट' शेवटी. 'टर्न ऑफ द हायवे'सुद्धा असंच आहे. हायवे सोडून आतल्या रस्त्याला वळायचंय, हायवे काही बंद करायचा नाही, त्यामुळे तिथे 'टर्न द हायवे ऑफ' होत नाही. 'लुक फॉर', 'वेट फॉर' यांनाही हीच कसोटी लावा : 'लुक फॉर इट', 'वेट फॉर देम'.

घरातल्या, रस्त्यावरच्या वस्तूंपुरती ही कसोटी उत्तम चालते. 'गिव्ह अप'सारख्या ठिकाणी, म्हणजे तंबाखू सोडणं वगैरे, ती लागत नाही. तिथे 'गिव्ह इट अप' हे तसंच्या तसं कानात बसवावं लागतं.

आता तो अलार्म

ऑपरेटरच्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला इंग्रजीतून दिलं नाही. मी विचारलं, 'शाळा सुटली' म्हणजे काय? म्हणाला, संपली. 'गाडी सुटली' म्हणजे? निघाली. 'वारा सुटला'? सुरू झाला. 'गोळी सुटली'? उडाली. 'डाळीला वास सुटला'? नासली. मग विचारलं, एकाच 'सुटणे'मध्ये संपणंही आहे आणि सुरू होणंही, लहानपणी कधी गोंधळलास का?

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे कशाबरोबर आलंय ते बघायचं."

'गो ऑफ' हे इंग्रजीतलं 'सुटणे' आहे. बंदूक, बॉम्ब, फटाका आणि अलार्म या दबा धरून बसलेल्या गोष्टी. त्या 'गो ऑफ' झाल्या म्हणजे सुटल्या, वाजल्या, उडाल्या. दिवे 'वेंट ऑफ' म्हणजे गेले. दूध 'गॉन ऑफ' म्हणजे नासलं. हे मुख्यतः ब्रिटिश बोलीत. अलार्म 'बंद झाला' असं लिहायचं असेल तर 'द अलार्म स्टॉप्ड'. आणि कुणीतरी हातानं बंद केला असेल तर 'समवन टर्न्ड इट ऑफ'. कारखान्यात, दवाखान्यात, सोसायटीच्या गेटवर, जिथे अलार्म असतो तिथे हा फरक सगळ्यांना माहीत असलाच पाहिजे. नुसत्या व्याकरणापुरती ही गोष्ट राहत नाही.

अशा जोडक्रियापदांना 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापील रूपात रूढ केलं ते लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 साली. ते सुचवलं होतं ऑक्सफर्डच्या शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी. म्हणजे नाव जेमतेम शंभर वर्षांचं आहे, पण बोलणं त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. नाव माहीत नसताना इंग्रज ते बिनचूक बोलत होते, जसं आपण 'संयुक्त क्रियापद' हा शब्द ऐकण्याआधी 'खाऊन टाक' आणि 'पडून राहा' बिनचूक बोलत होतो. 'खाऊन टाक'मध्ये कुणी काही टाकत नाही, तरी कुणाला शंका येत नाही.

लिहिताना होणाऱ्या दोन चुका

एक, 'ऑफ'चं स्पेलिंग. बंद करण्यातल्या 'ऑफ'ला दोन एफ, आणि 'चा-ची-चे' सांगणाऱ्या शब्दाला एकच. आपण देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितो, बँक ऑफ महाराष्ट्रमधलाही 'ऑफ'च, त्यामुळे हात एका एफवर थांबतो. इंग्रजी उच्चारात मात्र ते वेगळे आहेत : एक एफवाल्याचा शेवट 'व्ह'सारखा, दोन एफवाल्याचा स्वच्छ 'फ'. व्हॉट्सॲपवर 'टर्न' लिहिलं की पुढे दोन एफ मोजूनच पाठवा.

दुसरी, भूतकाळ. 'टर्न ऑफ्ड' होत नाही. भूतकाळ 'टर्न'ला लागतो, 'टर्न्ड ऑफ'. आपणही 'बंद केलं' म्हणताना 'केलं'च बदलतो, 'बंद'ला हात लावत नाही. आणि प्रश्नात 'डिड' आला की 'टर्न' पुन्हा साधा : 'डिड यू टर्न ऑफ द गॅस?' घराला कुलूप लावून जिना उतरताना हे वाक्य कुठल्याही भाषेत मनात येतंच, सरावाला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही.

मोठ्या माणसाला सांगताना मात्र नुसतं 'टर्न ऑफ द फॅन' म्हणू नका. मराठीत 'कर'चं 'करा' झालं की मान राखला जातो. इंग्रजीत तो 'आ' नाही, आणि नुसतं 'प्लीज' लावूनही हुकमाचा सूर पुरता जात नाही. 'कुड यू टर्न ऑफ द फॅन, प्लीज?' असं विचारलं की तो 'करा' पोहोचतो.

सरावासाठी मी वही देत नाही. स्वयंपाकघर देते. सकाळी उठल्यापासून ज्याला ज्याला हात लावाल ते बंद करताना मोठ्यानं बोलायचं, आधी नाव घेऊन आणि लगेच 'इट' घालून. मोटर : 'टर्न ऑफ द पंप, टर्न इट ऑफ.' शेगडी, मिक्सर, गिझर, तसंच. डब्याचं झाकण आलं की थांबून 'क्लोज'. हाताची हालचाल आणि वाक्य एकत्र झालं की ते राहतं. वर्गातल्या एक काकू कुकरची तिसरी शिट्टी झाली की न चुकता 'टर्निटॉफ' म्हणतात, आणि आता त्यांचा नातूही म्हणतो.

तो ऑपरेटर पुढच्या महिन्यात रात्रपाळीला गेला. तिथला त्याचा पहिला शेरा त्यानं मला आणून दाखवला, निळ्या शाईत, खाडाखोड न करता : 'द अलार्म वेंट ऑफ ॲट थ्री फोर्टी. आय चेक्ड द प्रेशर ॲंड टर्न्ड इट ऑफ.'